खाली न येणारा हात

रविवारी जेवणं आटोपल्यावर डॉ. केशवराव वाळूजकर स्टुलावर चढले. माळ्यावर त्यांनी हातानं रंगवलेले तक्ते गुंडाळून ठेवलेले होते आणि सोमवारी नव्या तुकडीला खांदा शिकवायचा होता. "संध्याकाळी बद्रीनाथ येतील, ते काढून देतील," असं भानुमतीबाई स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाल्या. केशवराव दोन्ही वेळा "बरं" म्हणाले आणि चढले.

स्टुलाचा एक पाय फुटक्या फरशीच्या कडेवर होता. केशवरावांचा हात तक्त्यांपर्यंत पोचला तेव्हाच तो पाय घसरला. त्यांनी उजव्या हातानं माळ्याची तुळई धरली. अंग खाली आलं, हात वरच राहिला. मग पकड सुटली, पाय जमिनीला लागले, ते नीट उभेही राहिले; पण हात काही खाली आला नाही. कोपर आढ्याकडे आणि पंजा डोक्यावर टेकलेला.

दुखायच्या आधी त्यांना कळलं. शहरातल्या मेडिकल कॉलेजात ते आठ वर्षं शरीररचना शिकवत होते. त्याआधी हैदराबादला त्यांनी हाच विषय उर्दूतून पाठ केला होता आणि पोलीस अ‍ॅक्शननंतर सगळी नावं नव्यानं इंग्रजीतून पाठ केली होती. खांद्याच्या उथळ वाटीतून दंडाच्या हाडाचा गोळा खाली निसटला, की हात असा वर अडकतो, हे ते दरवर्षी सांगत. सांगताना दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्यावर एकाच वेळी दोन खांदे काढत. ते पाहायला वरच्या वर्गातली मुलंही मागच्या बाकांवर येऊन बसत. असा रुग्ण मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तसा आठ वर्षांत कुठलाच रुग्ण पाहिला नव्हता. त्यांच्या टेबलावर येणारी माणसं तक्रार करण्याच्या पलीकडे गेलेली असत.

भानुमतीबाई आवाज ऐकून धावत आल्या.

"भानू, घाबरू नकोस," केशवराव शांतपणे म्हणाले, "हा हात आता खाली येणार नाही."

भानुमतीबाईंनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा त्यांच्या तोंडाकडे, आणि त्या रडायला लागल्या.

रडणं ऐकून शेजारचे बद्रीनाथ आले. ते एस.टी.त मेकॅनिक होते. त्यांच्यामागून त्यांची आई भागूबाई आली. भागूबाईनं दारातूनच खांदा पाहिला.

"निखळला," ती म्हणाली. "बसा खाली, डागदर. म्या बशिवते. आमच्या म्हशीच्या रेडकाचा बशिवलाय, लई येळ नाय लागणार."

"मावशी, म्हशीचा खांदा वेगळा असतो," केशवराव म्हणाले. "म्हशीला हासळीचं, गळ्याखालचं हाड नसतं."

"नसंल. तिनं कधी तक्रार नाय केली."

केशवरावांनी ते मनावर घेतलं नाही. दवाखान्यात जायचं त्यांच्या मनात नव्हतं. दवाखान्यात त्यांचेच विद्यार्थी कामाला होते, आणि खांदा शिकवणाऱ्याचाच खांदा निखळला हे रविवारी तिथं कळलं असतं तर सोमवारी वर्गात पाऊल टाकायची सोय राहिली नसती. त्यांनी ठरवलं, की घरीच बसवून घ्यायचा. ते सतरंजीवर उताणे झोपले आणि त्यांनी बद्रीनाथांना नीट समजावून सांगितलं. एक धोतर खांद्यावरून टाकून भानूनं खालच्या बाजूला ओढून धरायचं. बद्रीनाथांनी हात मनगटापाशी धरून वर ओढायचा. सावकाश, झटका न देता, वर.

बद्रीनाथांनी हात धरला आणि सावकाश, झटका न देता, छताकडे ओढला.

केशवरावांच्या तोंडून जे निघालं ते ना उर्दू होतं ना इंग्रजी.

"वर म्हणजे डोक्याच्या दिशेनं," दम परत आल्यावर ते म्हणाले.

"पर डोकं तर भिंतीकडं हाय, सर."

"शरीरशास्त्रात माणूस आडवा असला तरी उभाच धरतात."

बद्रीनाथांनी यावर थोडा विचार केला. "मंग तुमी उभंच ऱ्हा ना," ते म्हणाले.

तेवढ्यात केशवरावांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आधी करंगळीला, मग सगळ्या पंजाला. त्यांनी डाव्या हातानं उजव्या दंडाची बाहेरची बाजू चाचपली. तिथं, तळहाताएवढ्या जागेत, त्यांना स्वतःचा स्पर्श लागेना. ते उठून बसले. या खुणेचा अर्थ ते दरवर्षी मुलांना सांगत: दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते, ती दाबली गेली की ही जागा बधिर होते, आणि ती मेली की हात खांद्यातून पुन्हा उचलत नाही. फळा, खडू, दोन खांदे, सगळं संपलं.

"दवाखान्यात जाऊ," ते म्हणाले. "मागच्या फाटकानं. आणि वाटेत कुणाला काही सांगायचं नाही."

सदरा काही अंगात जाईना. बनियनवरच भानुमतीबाईंनी त्यांच्या अंगाभोवती पांढरं उपरणं गुंडाळलं. वहाणा स्टुलाखाली गेल्या होत्या; त्या शोधत बसायला वेळ नव्हता, म्हणून ते अनवाणीच निघाले. बद्रीनाथांनी टांगा आणला. पण टांग्याच्या छपराखाली कोपर मावेना. पुढं बसून पाहिलं, मागं बसून पाहिलं, वाकून पाहिलं. टांगेवाला म्हणाला, "साहब, हाथ नीचे लो तो बैठते." केशवरावांनी त्याला परत पाठवलं.

शेवटी बद्रीनाथांचा मेहुणा बन्सी कामाला आला. तो पडेगावहून कडबा घेऊन आला होता आणि गाडी रिकामी करून बैलांना पाणी पाजत होता. बैलगाडीला छप्पर नव्हतं. गाडीत कडब्याची पेंढी टाकून केशवरावांना बसवलं. शेजारी भानुमतीबाई पदर तोंडाला लावून बसल्या. बद्रीनाथ मागं पायी चालू लागले. आणि गाडी उस्मानपुऱ्यातून पैठण गेटकडे निघाली.

आता रस्त्यावरच्या माणसांना काय दिसत होतं, ते समजून घेतलं पाहिजे. कॉलेजातले वाळूजकर सर उघड्या गाडीत, अनवाणी, अंगावर नुसतं पांढरं उपरणं, डोक्यावर हात, चेहरा पांढराफटक. शेजारी बाई मुसमुसत आहेत. गाडी अगदी हळू चालली आहे, कारण जराशा हिसक्यानं केशवरावांच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. पहिल्याच वळणावर पानाच्या दुकानातल्या दोघांनी विड्या विझवल्या आणि ते उभे राहिले. सायकलवरचा एक जण खाली उतरला. त्यानं बन्सीला हळूच विचारलं, "काय झालं?"

बन्सीला काही सांगू नको असं बजावलेलं होतं. पण विचारणाऱ्याला अगदीच उत्तर न देणं त्याला बरं वाटेना.

"लई वंगाळ झालं," तो म्हणाला आणि त्यानं बैलांना हाकललं.

सायकलवाला सायकल हातात धरून गाडीमागं चालू लागला.

पैठण गेटापाशी तात्यासाहेब भेटले. तात्यासाहेब निवृत्त हेडमास्तर, शहरातल्या प्रत्येक दुःखाच्या जागी पहिले पोचणारे. ते टोपी काढून थेट गाडीपाशी आले.

"केशवराव," ते म्हणाले, "कधी झालं?"

"तासभर झाला. तात्यासाहेब, कोणी गेलेलं नाही. माझा हात खाली येत नाही."

तात्यासाहेबांनी त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. "असंच होतं," ते म्हणाले. "कोणी गेलं असं पहिले काही तास मन मानतच नाही. माझी आई गेली तेव्हा मी दोन दिवस तिचं ताट वाढायला सांगत होतो." मग ते बद्रीनाथांपाशी गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वडील का? खुलताबादला होते ना दत्तोपंत?"

"व्हय, खुलताबादलाच हायेत," बद्रीनाथ म्हणाले.

"होते," तात्यासाहेबांनी दुरुस्ती केली.

केशवरावांनी हे ऐकलं. वडील हयात असताना ही अभद्र गोष्ट त्यांना सोसेना, आणि ते तोंड उघडणार तोच गाडीचं चाक खड्ड्यात गेलं. कळ ओसरेपर्यंत गाडी पन्नास पावलं पुढं गेली होती आणि बातमी शंभर. मग त्यांना आणखी एक विचार आला, आणि या विचाराची त्यांना पुढं बरेच दिवस लाज वाटत राहिली. खरी गोष्ट सांगितली तर ती दवाखान्यात त्यांच्या आधी पोचेल. वडील गेले म्हटलं तर निदान कोणी हसणार नाही. ते गप्प बसले. मनातल्या मनात त्यांनी वडिलांची माफी मागितली.

औरंगपुऱ्यात येईपर्यंत गाडीमागं पंचवीस-तीस माणसं झाली. कोणी बोलत नव्हतं. एका दुकानदारानं फळी अर्धी लावून घेतली आणि बद्रीनाथांच्या कानाशी येऊन विचारलं, "सामान इथंच बांधून ठेवू, का खुलताबादला पाठवायचं?"

"कसलं सामान?"

"आता बाबा, बांबू वगैरे."

बद्रीनाथांनी भानुमतीबाईंकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं नव्हतं. "ऱ्हाऊ द्या सध्या," ते म्हणाले.

मागच्या फाटकानं जाण्याला आता अर्थ उरला नव्हता. होस्टेल वाटेतच होतं, आणि बातमी तिथं आधीच पोचली होती. सरांचे वडील गेले म्हणून मुलं धुतलेले पांढरे शर्ट घालून फाटकापाशी दोन्ही बाजूंना रांगेत उभी होती. त्यांतली निम्मी उद्याच्या वर्गातली होती. गाडी त्यांच्या मधून गेली तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. केशवरावांना आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. तो घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात हाडांचे मोठे सर्जन गावाला गेलेले होते, रात्रीपर्यंत येणार होते. ड्यूटीवर उमा होती. सहा महिन्यांपूर्वीच ती डॉक्टर झाली होती. केशवरावांनी तिला पाहिलं आणि ओळखलं. चार वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेला त्यांनी तिला कोपराच्या पुढच्या खळगीत काय काय असतं ते ओळीनं सांगायला सांगितलं होतं. ती पाच मिनिटं त्यांच्या टेबलाकडे पाहत उभी राहिली होती, एक अक्षर बोलली नव्हती. त्यांनी तिला नापास केलं होतं. तिचे सहा महिने त्यात गेले होते.

उमानं आधी बाहेरची गर्दी पाहिली, मग भानुमतीबाईंना, मग सरांना. ती बोलायला आली होती सांत्वनाचं. पण तिची नजर कोपरावर गेली आणि ती थांबली.

"सर, हात खाली घेता येत नाही का?"

"दोन तासांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या," केशवराव म्हणाले.

तिनं त्यांना टेबलावर झोपवलं, नाडी पाहिली, एक्स-रे फोटो काढून आणवला. हाड मोडलेलं नव्हतं. तिनं दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट टेकवलं. "इथं कळतंय?"

"नाही."

उमानं पुन्हा नाडी पाहिली. मनगटापाशी ती मघापेक्षा बारीक लागत होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. "सर, मोठ्या डॉक्टरांची वाट पाहण्यात अर्थ नाही. मी बसवते. आधी एकदाच केलाय, तोही साधा होता. तुमची हरकत नसेल तर."

केशवराव छताकडे पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दारात मुलं उभी होती. कोणीतरी त्यांना खरी गोष्ट सांगितली असावी, कारण सगळ्यांचे चेहरे एकदम वर्गात लक्ष देऊन बसल्यासारखे झाले होते.

"हात लावायच्या आधी मला सांगा," केशवराव म्हणाले, "दंडाच्या हाडाच्या मानेला वळसा घालून कोणती नस जाते?"

उमाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती तशीच उभी राहिली, चार वर्षांपूर्वी राहिली होती तशी.

"सांगा. नाव सांगा," केशवराव म्हणाले. "इंग्रजीतलं चालेल, कुठल्याही भाषेतलं चालेल."

दारातला एक जण कुजबुजला, "अशा वेळीसुद्धा सोडत नाहीत बघ." भानुमतीबाईंनी कपाळाला हात लावला.

उमा बोलली नाही. तिनं इंजेक्शन दिलं, ते चढेपर्यंत थांबली, मग चादरीची लांब घडी करून सरांच्या खांद्यावरून टाकली आणि तिची टोकं बद्रीनाथांच्या हातात दिली. "तुम्ही हे त्यांच्या पायांकडं ओढून धरा," ती म्हणाली. "पायांकडं." बद्रीनाथांना हे लगेच समजलं. स्वतः ती डोक्याच्या बाजूला गेली, तिनं हात धरला आणि हाताच्या रेषेत ओढायला सुरुवात केली.

"नाव सांगा ना," केशवराव म्हणत होते. त्यांचा आवाज आता जड झाला होता. "त्या नसेचं नाव. डेल्टॉइड स्नायूला जाते ती. मुलांनाही येतं ते. नाव..."

खट् असा आवाज आला. फार मोठा नाही, दाराची कडी पडावी एवढा. उमानं हात सावकाश बाजूनं खाली आणला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. केशवराव बोलायचे थांबले. त्यांनी मान वळवून आपला हात पाहिला. बराच वेळ पाहत राहिले.

"झालं, सर," उमा म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

बाहेर भानुमतीबाईंनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, की मामंजी खुलताबादला सुखरूप आहेत, यांचा नुसता खांदा निखळला होता, तोही बसला. लोक "बरं झालं, बरं झालं" म्हणाले, पण थोडा वेळ कोणी हललं नाही. एवढ्या लांब चालत आल्यावर लगेच आनंद होत नाही. तात्यासाहेबांनी टोपी घातली. "शेवटी हातावर निभावलं," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी दुपारी दत्तोपंत स्वतःच खुलताबादहून आले. तिथल्या स्टँडवर एका माणसानं त्यांना ओळख नसताना त्यांच्याच निधनाची बातमी दिली होती, आणि दत्तोपंतांनी ती पूर्ण ऐकून घेतली होती. "बरं बोलत होता माझ्याबद्दल," ते मुलाच्या खाटेजवळ बसून म्हणाले. "मी मध्ये बोललो नाही." केशवरावांनी डावा हात त्यांच्या पायांना लावला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, आणि दत्तोपंतांनी विचारलं नाही.

भानुमतीबाई मात्र दोन दिवस एकाच गोष्टीवर होत्या. "त्या पोरीनं तुमचा हात वाचवला," त्या म्हणत, "आणि तुम्ही तिला सगळ्यांसमोर परीक्षेला बसवलंत. तिचं तोंड केवढं झालं होतं."

केशवराव यावर पाणी मागत.

बुधवारी संध्याकाळी उमा घरी आली. हात गळ्यात बांधलेला होता, तो तिनं न सोडताच तपासला. टाचणीचं टोक दंडाच्या बाहेरच्या बाजूला हलकेच टेकवत ती विचारत गेली.

"इथं?"

"कळतंय. जरा बधिर."

"रविवारपेक्षा?"

"पुष्कळ बरं."

"आता हात बाजूला उचलायचा नुसता विचार करा. उचलू नका." तिनं खांद्यावर बोटं ठेवली. कातडीखाली स्नायू थोडा कठीण झाला, मग सैल पडला. "येतंय, सर," ती म्हणाली. "वेळ लागेल, पण येतंय."

तिनं टाचणी डबीत ठेवली. जायला उठली, पण गेली नाही. खाटेसमोर सरळ उभी राहिली, हात पाठीमागं घेतले आणि समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "सर्कमफ्लेक्स नर्व्ह. मानेतल्या पाचव्या आणि सहाव्या मुळांतून येते, डेल्टॉइडला जाते, आणि दंडाच्या बाहेरच्या कातडीला." मग तिनं श्वास घेतला. "मला रविवारीही येत होतं, सर. त्या वेळीही, आणि चार वर्षांपूर्वी कोपराचंही. तुम्ही विचारलं की माझं तोंडच उघडत नाही."

केशवरावांनी ते नाव ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा.

"सर्कमफ्लेक्स," ते म्हणाले. "हेच. तीन दिवस मी कुणाला विचारू शकलो नाही, आणि पुस्तक उघडायचाही धीर झाला नाही."

उमाला कळेना. "म्हणजे?"

"मी परीक्षा घेत नव्हतो, बाई. मला आठवत नव्हतं. सगळं पाठ होतं, पण हात जातो की काय या भीतीनं तेवढंच एक नाव गेलं होतं. उर्दूतलं गेलं, इंग्रजीतलंही गेलं. मला वाटलं, तुम्ही ते सांगितलंत तर हात वाचेल. का वाटलं ते माहीत नाही."

उमा खाली स्टुलावर बसली. सरांच्या समोर न विचारता बसायची तिची ही पहिलीच वेळ होती.

"मग तसं म्हणायचं ना, सर. मला आठवत नाही, सांगा म्हणून."

"दारात मुलं उभी होती."

भानुमतीबाई चहा घेऊन आत आल्या. एक कप त्यांनी उमाच्या हातात दिला, दुसरा केशवरावांच्या डाव्या हातात, आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहून त्या धसकल्या.

"पुन्हा काही विचारलंत का हो तिला?"

"नाही," केशवराव म्हणाले. "आता कोपराकडं वळतोय. तिथं काय काय असतं, ते या मला ओळीनं सांगणार आहेत."

उमानं चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि खळगीच्या बाहेरच्या बाजूनं सुरुवात केली.